स्टेप डाउन: खाली उतरलं कोण?

आज जायचंय तुमसर तालुक्यात, चिखल्याला. इथं मँगनीजची भूमिगत खाण आहे. खाणीत खाली उतरणं म्हणजे कामावर जाणं. आणि इंग्रजी बातमीत एखादा नेता ‘स्टेप डाउन’ झाला, म्हणजे? त्याचं काम संपलं!

आपल्याकडे त्याला जुळा भाऊच आहे, ‘पायउतार होणं’. घोड्यावरून, गाडीवरून उतरून पायी होणं. पण मराठी बातमी तेवढ्यावर भागवत नाही. उचलबांगडी झाली, गच्छंती झाली, पदत्याग केला... कोणी ढकललं की स्वतः गेला, ते शब्दातच कळतं. इंग्रजी ‘स्टेप डाउन’ मात्र हे सोयीस्कर झाकून ठेवतं. म्हणून तर कंपन्यांना तो शब्द इतका आवडतो!

आणि ‘राजीनामा’? मूळ शब्द फारसी वळणाचा, राजी असल्याचा कागद. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात शेतकरी जमीन सोडताना राजीनामा लिहून द्यायचा.

आता गोष्ट १९५१ची. कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २७ सप्टेंबरला पंतप्रधान नेहरूंना राजीनाम्याचं पत्र दिलं. हिंदू कोड बिल रखडलं, हे मोठं कारण. पण एकमेव नाही. अनुसूचित जातींकडे होणारं दुर्लक्ष आणि परराष्ट्र धोरण यांवरही त्यांचा आक्षेप होता. ऑक्टोबरमध्ये संसदेत निवेदन करायला ते उभे राहिले, तर निवेदनाची प्रत आधी द्या, असं त्यांना सांगण्यात आलं. बाबासाहेबांना ते मान्य नव्हतं. ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडे दिलं.

याला ‘पायउतार’ म्हणाल? मला तरी जीभ वळत नाही. खुर्ची गेली, पण का सोडली हे सांगायचा हक्क त्यांनी सोडला नाही.

१९५२च्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत हरले. मग राज्यसभेवर गेले. तरी लोकसभेसाठी १९५४ला पोटनिवडणुकीत उभे राहिले, ते कुठून? आपल्या भंडाऱ्यातून! तेव्हा इथून दोन खासदार निवडून जायचे, एक जागा राखीव. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले, बाबासाहेब हरले. सर्वसाधारण जागेवरून समाजवादी अशोक मेहता दिल्लीला गेले.