यंत्रमानवाशी प्रेम (दूरचित्रवाणी मालिकांतील)

माणूस आणि बुद्धिमान यंत्र यांच्या प्रेमसंबंधांवर बेतलेला, विज्ञानकल्पनेच्या मालिकांमधला एक जुना कथाप्रकार. प्रेम जुळवणे लेखकांना फारसे जड गेलेले नाही. शेवटी त्या यंत्राचे करायचे काय, इथे मात्र बहुतेकांची दमछाक होते.

अमेरिकेतील ‘द ट्वायलाइट झोन’ने ‘द लोन्ली’ (१९५९) या भागात त्याचे उत्तर बंदुकीने दिले. रॉड सर्लिंगच्या या कथेत जेम्स कॉरी हा कैदी निर्जन लघुग्रहावर शिक्षा भोगत असतो. रसद आणणारा कप्तान त्याच्या सोबतीला अलिशिया नावाची यंत्रस्त्री ठेवून जातो. कॉरी आधी तिला झिडकारतो, पुढे तिच्यावाचून त्याचे पान हलत नाही. मग माफी मिळते, पण परतीच्या यानात सामानाला मुभा फक्त १५ पौंडांची. कॉरी हटून बसल्यावर कप्तान अलिशियाच्या चेहऱ्यावर गोळी झाडतो आणि आतल्या तारा उघड्या पडतात.

‘स्टार ट्रेक’च्या एका भागात (१९६९) रेयना ही यंत्रयुवती यानाचा कप्तान कर्क आणि आपला निर्माता यांच्या ओढाताणीत कोसळून मरते.

या सगळ्यांत प्रामाणिक म्हणावा असा भाग ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधला ‘इन थिअरी’ (१९९१). अभिनेते पॅट्रिक स्ट्युअर्ट यांचे हे पहिले दिग्दर्शन. यंत्रमानव डेटा सहकारी जेनासाठी प्रेमाचा खास प्रोग्राम लिहितो, जोडपी भांडतात असे कळल्यावर ठरवून भांडतोही. चुंबन घेताना मनात काय होते, या प्रश्नावर तो यादीच ऐकवतो. तिच्यात डिकन्सचे समग्र साहित्य असते आणि मांजराचा खुराकही! जेना नाते तोडते. डेटा प्रोग्राम पुसून टाकतो.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या नव्या अवतारात (२००४–०९) हे गणित बदलले. तिथले ‘सायलन’ हे मानवरूपी यंत्रमानव हाडामांसाचे. हेलो हा माणूस आणि शेरॉन ही सायलन यांना हेरा ही मुलगी होते, आणि प्रेमाशिवाय गर्भधारणा होत नाही अशी सायलनांची समजूत असल्याने तिचा जन्म हाच प्रेमाचा पुरावा ठरतो. ब्रिटनच्या ‘ब्लॅक मिरर’मधील ‘बी राइट बॅक’मध्ये (२०१३) अपघातात गेलेल्या अ‍ॅशची प्रतिकृती त्याच्या ऑनलाइन लिखाणावरून घडते. ती त्याची जोडीदार मार्था हिला धड पटत नाही, टाकवतही नाही. शेवटी प्रतिकृतीची रवानगी माळ्यावर होते.

हिंदीत हे यंत्र सून होऊन आले. ‘बहू हमारी रजनीकांत’ (२०१६) या विनोदी मालिकेतली रजनी यंत्रमानव आहे हे घरच्यांपासून लपवण्यातच शास्त्रज्ञ शानची सारी बुद्धी खर्ची पडते.