खुंटी ठोकली, पण कोणाच्या जमिनीत?

निवडणुकांचे निकाल लागले की मराठी वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास येते : अमुक पक्षाने सरकार स्थापनेचा दावा केला. इंग्रजी वर्तमानपत्रात त्याच जागी असते 'स्टेक क्लेम'. शाळेत मुले हा शब्दप्रयोग हटकून चुकवायची. 'स्टेक' म्हणजे पणाला लावलेली रक्कम, म्हणून 'हक्क पणाला लावणे' असा अर्थ लिहायची! तो स्टेक वेगळा. इथला स्टेक म्हणजे जमिनीत ठोकायची साधी लाकडी खुंटी. आणि या खुंटीला मोठा इतिहास आहे, मंडळी.

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियात कोलोमा येथे, सटर नावाच्या जमीनदाराच्या लाकूड गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले. पुढे नऊच दिवसांनी, २ फेब्रुवारीला, मेक्सिकोने तहान्वये हा प्रांत अमेरिकेला दिला. बातमी पसरली आणि १८४९ पासून माणसांचे लोंढे आले. खाणींसाठी कायदा नाही, तलाठी नाही, सात-बारा नाही. मग जागा कोणाची हे ठरवायचे कसे?

खाणकऱ्यांनी आपापल्या वस्तीत सभा भरवून नियम केले. ठरलेल्या मापाचा तुकडा घ्यायचा, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकायच्या, झाली 'क्लेम'. पण एवढ्यावर भागत नसे. त्या जागेवर प्रत्यक्ष काम चालू ठेवावे लागे. खड्ड्यात कुदळ-फावडे ठेवले तर मालक परत येणार आहे असे समजत. बरेच दिवस काम बंद पडले, की हक्क गेला. दुसऱ्याच्या जागेत घुसणाऱ्याला 'क्लेम जंपर' म्हणत.

गंमत अशी, की ही जमीन सरकारी होती. कायद्याने पाहिले तर हे सारे घुसखोरच. पण १८६६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांच्या रूढींना मान्यता दिली आणि १८७२ च्या खाण कायद्यात त्या पक्क्या केल्या. शिरेच्या लांबीवर कमाल १५०० फूट, आणि वर्षाला निदान १०० डॉलरचे काम. खुंटी आधी, कायदा मागून!

इथवर हे आपल्या 'कसेल त्याची जमीन' सारखे वाटते. जो घाम गाळील त्याचा हक्क. ऐकायला न्याय्यच आहे. पण एक प्रश्न कोणत्याच सभेत कोणी विचारला नाही : ती जमीन रिकामी होती का?

नव्हती. तिथे आदिवासी जमाती पिढ्यान् पिढ्या राहत होत्या. १८४८ च्या सुमारास त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास धरतात. १८७० पर्यंत ती ३० हजारांवर आली. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली ही त्याची कारणे. १८५० च्या राज्याच्या कायद्याने त्यांना सक्तीच्या मजुरीला जुंपता येई, आणि केवळ त्यांच्या साक्षीवरून गोऱ्या माणसाला दोषी ठरवता येत नसे. म्हणजे खुंटी ठोकायला कोण पात्र, हेही खुंटी ठोकणाऱ्यांनीच ठरवले. त्याच वर्षी परदेशी खाणकऱ्यांवर महिना २० डॉलर कर बसला. काल-परवापर्यंत ज्यांचा हा प्रांत होता, ते मेक्सिकनही त्यात परदेशी ठरले. आणि ज्याच्या पाटात सोने सापडले, त्या सटरची जमीनही घुसखोरांनी बळकावली. त्याने स्वतःही आदिवासींना राबवूनच वैभव उभे केले होते, हेही सांगायला हवे.

शब्द प्रवास करतात तेव्हा सामान हलके करतात. या शब्दप्रयोगाने वाटेत दोन गोष्टी टाकून दिल्या. एक, हक्क सांगणाऱ्याने काम करून दाखवायची अट. दुसरी, आधीपासून तिथे असलेल्या माणसांची आठवण. उरली फक्त खुंटी. आज कोणी बाजारपेठेवर, कोणी पदावर, कोणी एखाद्या थोर पुरुषाच्या वारशावर ती ठोकतो.

आपल्या मराठीत मात्र 'मेख मारणे' म्हणजे दुसऱ्याच्या कामात अडथळा घालणे! एकच खुंटी, ठोकणाऱ्याला तो हक्क वाटतो, आणि जो आधीपासून तिथे उभा आहे त्याला ती मेख. म्हणून कोणी कशावरही दावा सांगू लागला, की दोन प्रश्न जरूर विचारावेत. इथे तू कष्ट किती केलेस? आणि तुझ्याआधी इथे कोण होते?