हवंसं वाटणं आणि आवडणं

कवीला आनंदावर बोलायला बोलावलं की तो संतांपासून नाहीतर सूफींपासून सुरुवात करणार, हे ठरलेलंच. मी आज उंदरापासून करतो.

१९५३ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर उंदराच्या मेंदूत बारीक तारा बसवत होते. एक तार ठरल्या जागी न बसता भलतीकडेच गेली. त्या उंदराला टेबलाच्या ज्या कोपऱ्यात विजेचा हलका झटका मिळाला, तिकडे तो पुन्हा पुन्हा जाऊ लागला. मग पिंजऱ्यात एक कळ बसवली. कळ दाबली की मेंदूत वीज. काही उंदीर तासाला २,००० वेळा कळ दाबू लागले, भूक लागलेली असतानाही! १९५४ मध्ये निबंध छापून आला आणि मेंदूत ‘सुखाचं केंद्र’ सापडलं, असा बोलबाला झाला. पुढे डोपामिन या रसायनाला सुखाचं रसायन म्हणायची पद्धत पडली. अजूनही आपण तसंच म्हणतो.

पण तो उंदीर सुखात होता का? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस वेगळंच पाहिलं. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केल्यावर ते खायलाच उठेनात. तोंडात साखरेचं पाणी घातलं, तर मात्र पूर्वीसारखेच ओठ चाटत. म्हणजे हवंसं वाटणं निराळं, आवडणं निराळं. कळ दाबणारा उंदीर कदाचित नुसता हावरा झाला होता.

हे वाचलं तेव्हा मला अब्बांची लॉटरी आठवली. अब्बा शिंपी होते. दर आठवड्याला एक तिकीट घेत आणि सोडतीच्या आदल्या संध्याकाळी अम्मीला घराच्या खोल्या मोजून दाखवत. घर काही झालं नाही.

लॉटरी लागलेल्यांचं काय होतं, हेही तपासून झालं आहे. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यातल्या लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं, मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद यांत किती मजा येते? शेजारपाजारच्या लोकांपेक्षा त्यांना ती कमी येत होती. अपघातात लुळ्या पडलेल्या २९ जणांनाही विचारलं. ते इतरांपेक्षा कमी सुखी होते, ते साहजिकच. पण आपण समजू तितके दुःखी नव्हते. माणसं मोजकी होती, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. मला मात्र तो निबंध जिव्हारी लागला.

कारण १९९२ साली अब्बांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, मशीन बंद पडलं. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, डोक्यात फीची आणि घरभाड्याची गणितं. अब्बा खिडकीशी बसून चार वाजायची वाट पाहत. चहा आला की डाव्या हाताने बशीत ओतत, थोडा सांडत, आधी वास घेत. मी पैशांचं काही बोलायला गेलो की म्हणत, ‘‘पहले चाय पी, ठंडी होती.’’ मला वाटे, आम्हाला बरं वाटावं म्हणून हे नाटक चाललंय. एकदा तसं तोंडावर बोललोही. ते काही बोलले नाहीत, बशी पुढे केली.

शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले फ्रेड ब्रायंट आणि त्यांचे सहकारी जोसेफ व्हेरॉफ यांनी २००७ साली एक अख्खं पुस्तक याच गोष्टीवर लिहिलं: समोर आलेलं सुख रेंगाळत घेणं, वास-चव नीट टिपणं, दुसऱ्याला त्यात सामील करून घेणं. सरावाने हे जमतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे त्याला आस्वाद म्हणतात. फक्त आपण तो कवितेपुरता ठेवला.

अब्बा १९९६ मध्ये गेले. ते नाटक होतं की नव्हतं, हे विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी बशीतला चहा मी प्यायलो नव्हतो.