वऱ्हाडचें शेतकी शिक्षण : शाळेंतून शिवारांत

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण वऱ्हाडांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. काळी, कसदार जमीन आणि तींत पिकणारा कापूस यांच्या वैभवावरून ती निघाली हें उघड आहे. परंतु कुऱ्हाड सोन्याची असली तरी ती कशी चालवावी हें ज्यास कोणीं शिकविलें नाहीं, त्याच्या पायावर ती पडण्याचा संभव असतोच. गेल्या दीडशें वर्षांत वऱ्हाडांत नवें बीं आलें, नवीं यंत्रें आलीं, नवीं औषधें आलीं. त्यांपैकीं कांहीं रुजलीं, कांहीं टाकून द्यावीं लागलीं, आणि कांहींच्या पायीं घरें उजाड झालीं. असें कां व्हावें, ह्या प्रश्नाचें उत्तर अकोला व अमरावती ह्या दोन शहरांभोंवतीं वाढलेल्या शेतकी शिक्षणाच्या इतिहासांत बरेंचसें सांपडतें.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराकडे सोंपविलें. पुढें आठ वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस विलायतेस पोहोंचेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. युद्ध १८६५ सालीं संपलें, पण गिरण्यांची भूक संपली नाहीं. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोंचला. त्याच सुमारास सरकारनें कापसाच्या लागवडीवर व व्यापारावर देखरेख करण्यास रिव्हेट-कार्नाक नांवाचा खास कमिशनर नेमला. गिरणीवाल्यांस लांब धाग्याचा व स्वच्छ कापूस हवा होता आणि वऱ्हाडी शेतकऱ्यानें तो पिकवावा अशी त्यांची अपेक्षा होती. शेतकऱ्यास काय हवें, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणीं विचारला नाहीं.

यंत्राची कथाही अशीच बोधप्रद आहे. पूर्वीं कापूस घरीं येई, घरांतील बाया फावल्या वेळीं रेच्यावर रुई व सरकी वेगळी करीत, आणि पुढल्या सालच्या पेरणीकरितां चांगली सरकी बाजूस काढून ठेवीत. इंग्रजांनीं अमेरिकेंतील करवतीच्या दात्यांचें यंत्र हिंदुस्थानांत आणून पाहिलें. तिकडच्या कापसास तें मानवत होतें. इकडचा आंखूड धागा त्याच्या दात्यांत तुटूं लागला. शेवटीं टिकून राहिलें तें रुळांचें जीन. कारण त्याची चाल आपल्या रेच्याच्या जवळची होती आणि धाग्यास तें इजा करीत नसे. अकोला, अमरावती, खामगांव येथें जीन-प्रेसचीं धुराडीं उभीं राहिलीं. मात्र त्यांतून एक अनपेक्षित हानि झाली. गांवोगांवचा कापूस एकाच ढिगांत पडे, एकाच जिनांतून निघे, आणि शेतकरी पेरणीस जी सरकी विकत आणी ती सरमिसळ असे. यंत्रानें बाईच्या हातचे श्रम वांचविले, पण त्या हाताबरोबर बीं निवडणारी नजरही घरांतून गेली. ती नजर परत कोण आणून देणार, येथपासून वऱ्हाडांतील शेतकी शिक्षणाचें खरें काम सुरू होतें.

१९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें आणि १९०६ सालीं नागपुरास शेतकी कॉलेज उभें राहिलें. अकोल्यास सरकारी शेतावर कापसाचे प्रयोग होऊं लागले. ह्या खात्यांतील क्लाउस्टन प्रभृति अधिकाऱ्यांनीं एक गोष्ट केली, ती त्या काळच्या मानानें धाडसाचीच म्हटली पाहिजे. शेतकरी लांब धाग्याची बणी सोडून आंखूड धाग्याचा कापूस पेरतो, हें त्याचें अडाणीपण अशी समजूत होती. ह्या लोकांनीं ती समजूत हिशेबाच्या तराजूंत घातली. बणीच्या रुईस भाव थोडा अधिक मिळे. पण पीक कमी येई, आणि शंभर शेर कापसांतून रुई निघे ती तिसांच्या आसपास. उलट ‘रोझियम’ ह्या आंखूड धाग्याच्या जातींत ती चाळिसांच्या घरांत जाई. म्हणजे शेतकरी चुकत नव्हता. चुकत होती ती त्यास शिकवूं पाहणारी मंडळी. मग खात्यानें रोझियमचेंच शुद्ध बीं निवडून काढलें आणि तें निवडक शेतकऱ्यांच्या शेतांवर वाढवून इतरांस देण्याची व्यवस्था लाविली. शेजाऱ्याच्या शेतांत डोळ्यांनीं पाहिलेलें पीक हें व्याख्यानापेक्षां अधिक पटतें, ही गोष्ट तेव्हांच ध्यानांत आली.

रोझियम निर्दोष होता असें मात्र नव्हे. त्याचा धागा जाडाभरडा, आणि बारीक सुतास निरुपयोगी. १९२१ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीनें पीक व धागा ह्या दोहोंची सांगड घालण्याचे प्रयत्न चालविले, आणि पुढें मर रोगास तोंड देणारी खानदेशची ‘जरिला’ जात वऱ्हाडांतही पसरली. पण शेतकऱ्याचा हिशेब आधीं समजून घ्यावा आणि मग त्यास उपदेश करावा, हा धडा रोझियमनें घालून दिला तो कायमचाच.

ह्या धड्यास शिक्षणसंस्थेचें रूप देण्याचें श्रेय अमरावतीकडे जातें. अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवीं १८९८ सालीं जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेंतून उच्च पदव्या घेऊन परतले. वैदिक वाङ्मयांतील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहिणारा हा विद्वान् बॅरिस्टर शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं वसतिगृह चालवूं लागला. १९३२ सालीं त्यांनीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर ते केंद्र सरकारांत शेतकी मंत्री झाले. १९५६ सालीं देशांत ग्रामीण उच्च शिक्षणाच्या ज्या थोड्या संस्था निघाल्या त्यांत अमरावतीचीही एक होती. विद्यार्थ्यानें पुस्तकाबरोबर खेडेंही वाचावें, गांवांत राहून काम करणें हा शिक्षणाचाच एक भाग मानावा, अशी त्या योजनेची कल्पना होती.

पंजाबराव १९६५ सालीं निवर्तले. पुढें दोन वर्षांनीं, अकोल्यास कृषि विद्यापीठ व्हावें ह्या मागणीनें विदर्भ पेटून उठला आणि त्या आंदोलनांत कित्येकांनीं प्राण दिले. विद्यापीठासाठीं लोकांनीं प्राण वेंचावेत, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासांत विरळाच. २० ऑक्टोबर १९६९ रोजीं अकोल्याचें कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्यास पंजाबरावांचें नांव मिळालें. दुसऱ्याच वर्षीं तेथें कृषि अभियांत्रिकीचें कॉलेज सुरू झालें. अशा रीतीनें बियाण्याचा अभ्यास करणारा आणि यंत्राचा अभ्यास करणारा हे दोघे एका आवारांत आले.

ह्या एकत्र येण्याचें फळ पाहावयाचें असेल तर डाळीच्या लहानशा यंत्राकडे पाहावें. तुरीचें टरफल दाण्यास डिंकासारखें चिकटून असतें. वऱ्हाडांतील बाया उन्हाळ्यांत तुरीस तेलपाणी लावून ती उन्हांत वाळवीत आणि जात्यावर भरडून डाळ करीत. श्रम फार, म्हणून शेतकरी तूर बाजारांत विकून टाकी, आणि तीच डाळ होऊन आली म्हणजे चढ्या भावानें विकत घेई. अकोल्याच्या विद्यापीठांत तयार झालेलें ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ हें यंत्र एका खोलींत मावतें व विजेच्या लहान मोटारीवर चालतें. त्यांत कुरुंदाचा रूळ दाण्याचें टरफल खरवडतो आणि चाळण्या डाळ, चुरी व कोंडा वेगळा करितात. डाळ माणसांस, चुरी-कोंडा गुरांस. वायां असें कांहींच जात नाहीं. मुख्य म्हणजे तेलपाण्याची व वाळवण्याची जुनी रीत ह्या यंत्रानें मोडली नाहीं. तींतील काबाडकष्ट तेवढे काढून घेतले. म्हणूनच बचत गटांतील बायांच्या हातीं तें सहज बसलें. परकी वस्तु घरांत आली असें त्यांस वाटलें नाहीं.

जमिनीचा प्रश्न ह्याहून बिकट. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंस खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरीचें पाणी तोंडांत घालवत नाहीं, आणि तें शेतास दिलें तर चोपण झालेली जमीन अधिकच बिघडते. म्हणजे पायाखालीं पाणी असून उपयोग शून्य. तेथें उपाय एकच : आभाळांतून पडणारें गोडें पाणी अडवावें. उतारास आडवी पेरणी करावी, रुंद वरंबे व त्यांमधून सऱ्या काढाव्या, म्हणजे अतिवृष्टींत पाणी निघून जाईल व उघडिपींत ओल टिकेल. शेततळ्यांत सांठविलेलें पाणी ऐन दाणा भरतेवेळीं एकदां तरी द्यावें. ही रचना कागदावर सोपी दिसते. पण पाण्याचा ओघळ कोणाचा बांध पाहून थांबत नाहीं. वरच्या शेतकऱ्यानें पाणी सोडलें तर खालच्याची माती वाहून जाते. म्हणून येथें अवजारापेक्षां शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील एकोपा अधिक मोलाचा, आणि तो घडवून आणणें हेंही शेतकी पदवीधराच्या कामांत मोडतें.

आज कृषि विद्यापीठाचे विद्यार्थी शेवटल्या वर्षीं गट करून खेड्यांत जातात. ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ ह्या नांवांनीं गांवकरी त्यांस ओळखतात. माती तपासणें, बियाण्यावर प्रक्रिया करणें, निंबोळीचा अर्क काढणें हीं कामें तीं मुलें करून दाखवितात. पण त्यांच्या वहींत जें उतरतें त्यांतील अर्धें शेतकऱ्यानेंच शिकविलेलें असतें. विद्यापीठाच्या वर्धापनदिनाच्या सुमारास शिवारफेरी निघते, तेव्हां हजारों शेतकरी प्रयोगाच्या शेतांतून हिंडतात, हातांत बोंड घेऊन पाहतात आणि अडचणीचे प्रश्न विचारतात. परीक्षा तेव्हां प्राध्यापकांची असते.

ही सांगड जेथें तुटली तेथें काय झालें, तेंही नमूद केलें पाहिजे. २००२ सालीं बोंडअळीस प्रतिकार करणारा बीटी कापूस देशांत आला. आरंभीं फवारणी घटली आणि पीक वाढलें. बियाण्याच्या थैलींत साध्या कापसाची एक लहान पुडी असे. तें बीं शेताच्या कडेनें पेरावयाचें होतें, म्हणजे त्यावर जगलेले पतंग इतरांत मिसळून अळीस त्या बियाण्याची संवय जडणें लांबलें असतें. बहुतेक ठिकाणीं ती पुडी बांधावर फेंकली गेली. कडेच्या ओळी अळीच्या तोंडीं कां द्यावयाच्या, हें शेतकऱ्यास पटेल असें कोणीं समजावलें नाहीं. थोड्याच वर्षांत गुलाबी बोंडअळी त्या बियाण्यास जुमानीनाशी झाली. २०१७ सालीं वऱ्हाडांतीलच यवतमाळ जिल्ह्यांत माणसाच्या उंचीएवढ्या वाढलेल्या कापसांत औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. बीं एकानें विकलें, औषध दुसऱ्यानें, पंप तिसऱ्यानें. आणि तोंडावर फडकें बांधून त्या विषाच्या धुक्यांत शिरणाऱ्या मजुरास शिकविण्याचें काम कोणाच्याच वांट्यास आलें नव्हतें.

रोझियमच्या काळीं आणि डाळीच्या यंत्राच्या वेळीं जें साधलें, तें येथें चुकलें. नवी वस्तु आली, पण तिच्याबरोबर माणूस आला नाहीं. वऱ्हाडांतील खेड्यापाड्यांतून शेतकी शिकलेलीं मुलें आज पुष्कळ आहेत. त्यांतील कित्येक बियाण्याच्या व औषधाच्या दुकानांत बसतात, आणि गांवचा शेतकरी पीक रोगट दिसतांच आधीं त्यांच्याकडेच धांव घेतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी दुसरी एक म्हण मराठींत आहे. हा दांडा गांवच्याच लांकडाचा आहे. तो आपल्या गोतास काळ ठरावा कीं आधार, हें ठरविण्याचें सामर्थ्य शिक्षणाच्या हातीं आहे. आणि वऱ्हाडच्या शेतकी शाळांचें मोल पुढील पिढी त्याच एका मापानें करील.