मूळ प्रत आणि तिचा ठसा

आर्वीहून वर्धा नदी ओलांडली, कीं अमरावती जिल्हा लागतो. याच जिल्ह्यांत महानुभावांचें रिद्धपूर आहे. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. परंतु मूळ पोथी पुढें परचक्राच्या धामधुमींत नाहींशी झाली व शिष्यांनीं ती आठवणीनें पुन्हां लिहिली, असें परंपरा सांगते. साहजिकच पाठभेद उत्पन्न झाले. हातीं आलेली प्रत मुळाबरहुकूम आहे किंवा नाहीं, हें ठरविण्यास मूळच उरलें नव्हतें.

संगणकाच्या युगांत हाच प्रश्न निराळ्या वेषानें पुढें आला आहे. आर्वींतील एखाद्या विद्यार्थ्यानें दूरच्या भांडारांतून सॉफ्टवेअर उतरवून घेतलें, तर तें कर्त्यानें ठेवलें तेंच कशावरून? ‘हॅश’ हें याचें उत्तर होय. फाइल लहान असो वा मोठी, गणिताच्या ठराविक क्रियेनें तिचा ठराविक लांबीचा ठसा निघतो. सन २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘शा-२५६’ पद्धतींत तो ६४ अंकाक्षरांत लिहितात. फाइलींत एक टिंब बदललें, तरी सारा ठसा पालटतो.

अमेरिकेची राष्ट्रीय प्रमाणसंस्था ज्ञात सॉफ्टवेअरच्या फाइलींच्या ठशांची सूची राखते. जप्त केलेल्या संगणकांतील ओळखीच्या फाइली तपासनीस तिच्या आधारें बाजूस काढतो व उरलेल्यांवर दृष्टि देतो. आपल्याकडेहि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वयें, संगणकीय पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रांत हॅश नोंदवावा लागतो. एखाद्याची अब्रू वा स्वातंत्र्य आतां या अंकाक्षरांवर अवलंबून राहूं शकतें.

तथापि ठसेहि जुने होतात. १९९१ च्या ‘एमडी-५’ पद्धतींत दोन निराळ्या मजकुरांचा एकच ठसा येऊं शकतो, हें वांग शियाओयुन या चिनी विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं दाखवून दिलें. शिवाय माल व ठसा एकाच घरीं ठेवला, तर चोर दोन्ही पालटूं शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्यें ‘लिनक्स मिंट’च्या संकेतस्थळावरील दुवा चोरट्यांनीं फिरविला व कांहीं लोकांच्या हातीं विकृत प्रत पडली. तेव्हां कर्त्यांनीं अस्सल प्रतींचे ठसे प्रसिद्ध करून ते ताडून पाहण्यास सांगितलें.

ठसा ‘हें तेंच आहे’ एवढेंच सांगतो. ‘हें चांगलें आहे’ असें सांगत नाहीं. आणि तो मूळ हातीं असतांनाच घेऊन ठेवावा लागतो. ती संधि गेल्यावर काय करावें, हें मात्र महानुभावांपासून शिकावें: त्यांनीं भिन्न पाठ दडविले नाहींत, कोणाचा पाठ कोणता, हें पोथींतच नांवानिशीं नोंदविलें. आमच्या मतें गणिताइतकाच हा प्रामाणिकपणाहि मोलाचा आहे.