पटकीची कारणमीमांसा आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे राजकारण

१८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने असा निष्कर्ष काढला की, पटकीचे मूळस्थान हिंदुस्थानात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात असून माणसांच्या येण्याजाण्याबरोबर ती देशोदेशी पसरते. आदल्याच वर्षी मक्केच्या यात्रेत उद्भवलेली साथ सुएझवरून ईजिप्तमध्ये व तेथून युरोपात पोचली होती. परिषदेत ब्रिटिश प्रतिनिधीही सहभागी होते. असे असता पुढील सुमारे वीस वर्षे हिंदुस्थान सरकारच्या आरोग्यखात्याने नेमकी याच्या उलट भूमिका घेतली. पटकी संसर्गाने पसरत नाही, ती त्या त्या स्थळाच्या हवापाण्याचा व जमिनीचा परिणाम होय, असे हे खाते सांगत राहिले. हा मतपालट निव्वळ पुराव्याच्या बळावर झाला, असे मानणे कठीण आहे.

त्या काळी पुरावा एकाच बाजूला होता असेही नाही. लंडनमध्ये जॉन स्नो याने १८४९ मध्ये, आणि १८५४ च्या साथीनंतर अधिक तपशिलाने, पटकी दूषित पाण्यावाटे पसरते असे प्रतिपादन केले होते. त्याच १८५४ साली फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी याने रोग्यांच्या आतड्यांत विशिष्ट जंतू पाहिल्याचे प्रसिद्ध केले. पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. याच्या उलट म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांचे म्हणणे असे की, बीज असले तरी ते एकटे काही करू शकत नाही. सच्छिद्र जमीन व भूजलाच्या पातळीतील चढउतार यांच्या योगाने ते परिपक्व झाले, तरच रोग उद्भवतो. या वादाच्या मुळाशी एक तत्त्वज्ञानविषयक प्रश्न होता. 'कारण' म्हणजे ज्याच्यावाचून कार्य घडतच नाही अशी एकच वस्तू, की अनेक परिस्थितींचा समुच्चय? पहिली व्याख्या स्वीकारली की बंदरे रोखणे व पाणी शुद्ध करणे हे उपाय ओघाने येतात; दुसरी स्वीकारली की सर्वसाधारण स्वच्छता तेवढी उरते, आणि तिला ना तातडी असते, ना ठराविक खर्च.

हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम यांनी दुसरी बाजू उचलली. खात्याचे सांख्यिकी अधिकारी जेम्स ब्रायडन यांनी १८६९ मध्ये बंगाल इलाख्यातील पटकीवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. पटकी मोसमी वाऱ्यांच्या दिशेने प्रवास करते, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षाच्या आरंभी टिमथी लुइस व डी. डी. कनिंगहॅम हे दोन तरुण डॉक्टर पटकीच्या संशोधनासाठी कलकत्त्यास येऊन दाखल झाले. (हे दुसरे कनिंगहॅम वेगळे; मराठीत लिहिताना दोघांचा घोटाळा होण्याचा संभव आहे.) निघण्यापूर्वी त्यांना जर्मनीत पेटेनकोफर यांच्याकडे पाठविण्यात आले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संशोधकांनी कोणते प्रश्न विचारावयाचे, हे येथे ते नोकरीवर रुजू होण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरून गेले होते. पंजाबचे सॅनिटरी कमिशनर डी रेन्झी हे मात्र पाण्याचा सिद्धान्त आग्रहाने मांडत व वरिष्ठांच्या मतावर उघड टीका करीत. त्यांची रवानगी आसामकडे झाली. सरकारी संशोधनात मतभेदाची किंमत काय पडते, हे इतर अधिकाऱ्यांनी यावरून ओळखले असल्यास नवल नाही.

नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला व मुंबई-लंडन अंतर हजारो मैलांनी घटले. पुढे त्या कालव्यातील तीन-चतुर्थांशाहून अधिक वाहतूक ब्रिटिश जहाजांची होती. हिंदुस्थानातून निघालेले जहाज रोगवाहक ठरले, तर भूमध्यसमुद्रातील प्रत्येक बंदरात त्याला क्वारंटीनमध्ये अडकून पडावे लागणार, हे उघड होते. मुक्त व्यापाराचे तत्त्वज्ञान आणि असंसर्गवाद यांचे हे नाते एर्विन आकरक्नेख्ट यांनी १९४८ मध्ये एका प्रसिद्ध व्याख्यानात युरोपच्या संदर्भात प्रथम ठळकपणे मांडले. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला बरीच मुरड घातली आहे. पीटर बाल्डविन यांनी १९९९ मध्ये राष्ट्रांच्या भूगोलावर व व्यापारी मार्गांवरील स्थानावर भर दिला. हिंदुस्थानच्या बाबतीत शेल्डन वॉट्स यांच्यासारख्या इतिहासकारांनी कालव्याचा हिशेब अधिक कठोरपणे मांडला आहे. त्यांचा आरोप सर्वस्वी ग्राह्य मानण्यात एक अडचण आहे. कनिंगहॅम यांना यात्रेकरूंवर व प्रवाशांवर जुलूम करण्याची भीती खरोखरच वाटत होती, आणि १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांना यात्रांच्या वाटेला जाणे धोक्याचे वाटे. स्वार्थ व प्रामाणिक विश्वास एकाच मनात सुखाने नांदू शकतात. म्हणूनच अशा प्रसंगी लबाडीचा शोध घेऊन इतिहासकाराच्या हाती फारसे लागत नाही.

१८८३ च्या उन्हाळ्यात ईजिप्तमध्ये पटकी उसळली. देश आदल्याच वर्षी ब्रिटिशांनी व्यापलेला होता. साथ हिंदुस्थानातून आली असे ठरणे लंडनला परवडणारे नव्हते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे माजी प्राचार्य सर्जन-जनरल विल्यम गायर हंटर यांना चौकशीसाठी धाडण्यात आले. त्यांनी साथ स्थानिक, म्हणजे ईजिप्तमध्येच मूळ धरून असलेली, असा निर्वाळा दिला. फ्रेंच व जर्मन पथकेही त्याच वेळी अलेक्झांड्रियात होती. रॉबर्ट कॉख तेथून डिसेंबरमध्ये कलकत्त्यास आले आणि १८८४ च्या आरंभी त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू रोग्यांच्या आतड्यांत व एका तळ्याच्या पाण्यात दाखविला. मायदेशी त्यांचा सन्मान झाला व एक लक्ष मार्कांचे पारितोषिक मिळाले. जर्मन विज्ञानाचा विजय हाही त्या साम्राज्याच्या राजकारणाचाच भाग होता. ब्रिटिश सरकारने लगोलग क्लाइन व गिब्ज यांना हिंदुस्थानात पाठविले आणि त्यांच्या अहवालावर विचार करण्यास सर विल्यम जेनर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने कॉख यांचा दावा अमान्य केला. १८८६ मध्ये हा निर्णय प्रसिद्ध झाला, तो 'अधिकृत खंडन' अशा शीर्षकाने. शास्त्रीय नियतकालिकात 'अधिकृत' हा शब्द पुष्कळ काही सांगून जातो.

तथापि समितीचा आक्षेप पोकळ नव्हता. जंतू टोचून प्राण्यांत रोग निर्माण करता आला पाहिजे, ही कॉख यांच्याच पद्धतीची अट. पटकीच्या बाबतीत ती त्यांना समाधानकारकपणे पुरी करता आली नव्हती. पुढे डी. डी. कनिंगहॅम यांनी असे जंतू अनेक प्रकारचे असतात, हे दाखविले. याचा उलगडा होण्यास बराच काळ जावा लागला. १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी जंतूंपासून वेगळ्या केलेल्या द्रवातही रोगकारक विष असल्याचे सिद्ध केले, आणि त्या विषाचे जनुक एका विषाणूमार्फत जंतूंत शिरते, हे १९९६ मध्ये दिसून आले. म्हणजे सारखे दिसणारे सर्व जंतू सारखेच घातक नसतात. १९७० च्या दशकापासून रिटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जंतू खाड्यांच्या मचूळ पाण्यात, सूक्ष्म जलचरांच्या आधाराने एरवीही राहतो, हे दाखवून दिले. पाण्याचे तापमान व ऋतुमान यांचा साथींशी संबंध आहे, हे आता मान्य झाले आहे. ब्रायडन यांचे मोसमी वारे त्यामुळे बरोबर ठरत नाहीत. परंतु स्थळाकडे व ऋतूकडे पाहण्याची त्यांची दृष्टी केवळ सरकारी सोयीची होती, असेही म्हणता येत नाही. दोष निष्कर्षापेक्षा अन्यत्र होता. कॉख यांच्या दाव्याला जी कसोटी लावली गेली, ती वाऱ्याच्या सिद्धान्ताला कोणीच लावली नाही. आणि या दिरंगाईचे मोल पाणीपुरवठ्यावाचून राहिलेल्या गावांनी दिले. हॅम्बुर्ग येथे १८९२ मध्ये गाळणीवाचून पुरविलेल्या एल्बे नदीच्या पाण्याने सुमारे ८,६०० लोक दगावले. लगतचे आल्टोना पाणी गाळून देत असल्यामुळे बहुतांशी बचावले.

याच सरकारने १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर मात्र भिन्न मार्ग धरला. युरोपची बंदरे हिंदी मालाला बंद होण्याचा धोका समोर येताच संसर्गाविषयीचा पूर्वीचा संशय मावळला. १८९७ चा साथरोग कायदा झाला, मुंबईहून हजला जाणारी जहाजे थांबविण्यात आली, रेल्वेत तपासण्या सुरू झाल्या आणि पुण्यात सैनिक घरोघर शिरले. तेथील असंतोषाचे पर्यवसान २२ जून १८९७ च्या रँडवरील गोळीबारात झाले. या सर्व काळात रोग नेमका कसा पसरतो, हे ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये उंदरावरील पिसवांकडे बोट दाखविले, तेव्हा त्याच सुमारास नेमलेल्या प्लेग कमिशनने ते म्हणणे बाजूस सारले. १९०५ पासून मुंबईत परळ येथे पिंजऱ्यांतील गिनीपिगांवर प्रयोग होऊन पिसवांचा दुवा सिद्ध झाला, तोवर पुण्यातील त्या झडत्यांना आठ वर्षे लोटली होती.