इंग्रजी अध्यापनातील व्यावसायिक डॉक्टरेट

इंग्रजी शिकवण्याचा काही वर्षांचा अनुभव असलेल्या शिक्षकाने, शिक्षक-प्रशिक्षकाने किंवा अभ्यासक्रम आखणाऱ्याने नोकरी न सोडता, आपल्या कामातून निघालेल्या प्रश्नावर संशोधन करून मिळवायची विद्यापीठीय पदवी. ‘डॉक्टर ऑफ एज्युकेशन’ अर्थात एड.डी. हे तिचे रूढ नाव. विषय इंग्रजी अध्यापनाचा असेल तर त्यापुढे ‘टेसॉल’ (अन्य भाषकांना इंग्रजी शिकवणे) लावतात. एड.डी.ची सुरुवात अमेरिकेत हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेने 1920 नंतर लगेचच केली. ब्रिटनमध्ये ती ब्रिस्टल विद्यापीठाने 1992 मध्ये आणली. ब्रिटिश पद्धतीत आधी काही वर्षे अभ्यासपाठ आणि त्यांवरचे लेखी काम, मग प्रबंध आणि शेवटी तोंडी परीक्षा असा क्रम असतो. प्रबंध अनेक ठिकाणी 50 हजार शब्दांच्या आसपास असतो, तर पीएच.डी.चा 80 हजार ते एक लाख. इंग्लंडमधील पात्रतेच्या चौकटीत दोन्ही पदव्या आठव्या, म्हणजे सर्वोच्च स्तरावर आहेत. तरीही प्रबंधाच्या जाडीवरून एड.डी.ला ‘हलकी पीएच.डी.’ म्हणणारे कमी नाहीत.

जाडी हे चुकीचे माप आहे. या पदव्यांत फरक आहे तो प्रश्न कुठून येतो आणि त्याचे उत्तर कुणाला निस्तरावे लागते याचा. समजा, एका विद्यापीठाच्या पायाभूत वर्गात शिक्षक निबंधांवर रात्र रात्र शेरे लिहितो आणि विद्यार्थी गुण पाहून कागद दप्तरात कोंबतात. शेऱ्यांचा भाषेवर काय परिणाम होतो, हा प्रश्न बाहेरचा संशोधकही घेईल. पण पहिल्या खर्ड्यावर गुणच दिले नाहीत तर मुले शेरे वाचतील का, विभागप्रमुख ते चालवून घेतील का, साठ वह्यांच्या गठ्ठ्यात हे जमेल का, हे प्रश्न त्या शिक्षकाचेच. दोन्ही खर्डे जपून, मुलाखती ध्वनिमुद्रित करून, त्या शब्दशः उतरवून तो जे मांडतो त्याला सिद्धान्ताचा आधार लागतोच. मात्र सोमवारी त्याच वर्गात जायचे असल्याने नुसत्या सिद्धान्तावर त्याचे भागत नाही.

इंग्रजी अध्यापनाला वर्गातून निघणाऱ्या अशा ज्ञानाची विशेष गरज का, हे भारतातल्याच एका प्रयोगातून दिसते. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रके अशा कृतींतून इंग्रजी शिकवण्याचा प्रकल्प चालवला. तो ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून जगभर गाजला. ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांच्या 1985 मधील मूल्यमापनाने त्याला सावधपणे अनुकूल कौल दिला. पण अंमलबजावणी तपासताना बेरेटा यांना आढळले, की शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांना ही पद्धत प्रकल्पासाठी बाहेरून आलेल्यांइतकी पेलली नव्हती. पद्धत चांगली की वाईट, यावर पुढे भरपूर लिहिले गेले. नेहमीच्या शिक्षकाचे पाऊल नेमके कुठे अडते, हे आतून सांगणारा आवाज त्या मानाने क्षीण राहिला. ही जागा व्यावसायिक डॉक्टरेट भरू शकते. (मायकल वेस्ट यांनी ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षण करता करताच बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास केला आणि 1926 मध्ये तो प्रसिद्धही झाला. ही वाट तशी जुनीच.)

या पदवीवरच्या आक्षेपांत सर्वांत वजनदार अमेरिकेतला आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे तत्कालीन अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी 2005 मध्ये एड.डी. रद्दच करावी असे सुचवले. हार्वर्डनेही पुढे ती थांबवून पीएच.डी. स्वीकारली. मात्र लेव्हिन यांचा रोख मुख्यतः शाळांचे प्रशासक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांवर होता. पगारवाढीसाठी घेतलेली आणि पीएच.डी.ची पातळ नक्कल झालेली पदवी नको, हे त्यांचे म्हणणे मान्यच करावे लागते. त्यातून निघते ते इतकेच, की नक्कल थांबवावी. 2007 मध्ये सुरू झालेल्या कार्नेगी प्रकल्पाने तेच केले: पदवी ठेवली आणि तिचा रोख पुन्हा कार्यक्षेत्रातल्या प्रश्नांकडे वळवला.

दुसरा आक्षेप असा, की स्वतःच्याच वर्गाचा अभ्यास करणारा तटस्थ कसा राहील? राहत नाही. शिवाय ज्याच्या हाती गुण आहेत त्याला विद्यार्थी मुलाखतीत नाही म्हणू शकत नाहीत, ही अडचण तटस्थतेपेक्षाही मोठी. म्हणून निकाल लागल्यावर मुलाखत घेणे, ती दुसऱ्याकडून घेववणे, संस्थेचे नाव झाकणे असे उपाय असतात. छोट्या शहरातल्या एकुलत्या एका महाविद्यालयाचे नाव झाकूनही झाकत नाही, हेही खरे. हे तर बी.एड.चे कृतिसंशोधनच झाले, असे कुणी म्हणेल. पण पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी आणि ठरलेला निष्कर्ष हा साचा मोडल्याशिवाय व्यावसायिक डॉक्टरेटची तोंडी परीक्षा पार पडत नाही. परीक्षक नेमके तेच विचारतात: उपक्रम फसला तेव्हा काय केले?

भारतात संशोधनाची वाट मुख्यतः पीएच.डी.चीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार ती किमान तीन वर्षांची असून संस्थेच्या ना-हरकत पत्रावर नोकरी सांभाळूनही करता येते. त्यामुळे वेगळी पदवी हवीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर विभागांच्या घडणीत सापडते. हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठासारख्या संस्था सोडल्या तर इंग्रजीचे विभाग साहित्याकडे झुकलेले आहेत आणि वर्गातला प्रश्न तेथे विषय म्हणून मंजूर करून घेणे हेच पहिले काम ठरते. महाराष्ट्रात 2000 पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. दोन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकाचा इंग्रजीचा तास कसा चालतो, यावर त्याच शिक्षकाने डॉक्टरेटच्या तोडीचे काम करावे, अशी सोय मात्र अजून नाही. परदेशी एड.डी. हा पर्याय उरतो; तिचे शुल्क जिल्हा परिषदेच्या पगारात बसणारे नसते आणि येथे नोकरीसाठी समकक्षतेची कागदपत्रे वेगळी जुळवावी लागतात.